मध्येच येणारा

लिहायला बसलो आणि दारावर थाप पडली नाही, असा दिवस माझ्या आयुष्यात अद्याप उगवायचा आहे. दूधवाला येतो, गॅसवाला येतो, गणपतीच्या सुमारास वर्गणीवाले येतात, आणि कोणीच आले नाही तर ही स्वयंपाकघरातून येऊन विचारते, "दार वाजलं का हो?" कादंबरीची नायिका तळ्याच्या काठी उभी असते. ती आता काहीतरी फार महत्त्वाचे बोलणार असते. मी उठतो, दार उघडतो, सही करतो, सुटे पैसे शोधतो आणि परत येतो, तो नायिका तळ्याच्या काठी तशीच उभी! मात्र काय बोलायला उभी होती, ते तिलाही आठवत नाही आणि मलाही. माझ्या एका कादंबरीतले एक पात्र पहिल्या भागात गावाला जाते, ते पुढे परत येतच नाही. एका रसिक वाचकाने त्यात जीवनाची अपूर्णता पाहिली. खरे कारण म्हणजे गॅसचा सिलिंडर.

तेव्हा 2017 सालच्या दिवाळीत माझा भाचा कपाळाला हात लावून जे बोलला, ते ऐकून मला क्षणभर हेवाच वाटला. तो म्हणाला, "मामा, बाकी सगळं बरोबर आहे रे. पण आतल्या मशीनला मध्येच येऊन कुणी काही सांगतच नाही. म्हणून ते अडकलंय."

मध्येच येऊन कोणी काही सांगत नाही, म्हणून अडकलेले यंत्र! मी लेखणी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसलो.

भाचा तेव्हा पुण्याला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. दिवाळीला आमच्याकडे येताना त्याने खिशात मावेल एवढा एक संगणक आणला होता. त्याचे नाव रास्पबेरी पाय. शाळकरी मुलांना परवडावा, त्यांनी तो हाताळावा, बिघडवावा आणि त्यातून शिकावे, म्हणून केंब्रिजच्या एका संस्थेने तो काढला. भाच्याजवळचे तिसरे मॉडेल 2016च्या फेब्रुवारीत निघाले. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत 35 डॉलर होती. पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चौकोनी चिपा, एक जीबी स्मृती. हिने चकल्यांचे ताट आणून त्याच्याशेजारी ठेवले, तेव्हा दोहोंत ताटच अधिक भारदस्त दिसत होते.

एवढ्याशा पट्टीच्या पोटात भाच्याला आणखी एक संगणक चालवायचा होता. खरा नव्हे, आभासी. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या यंत्राला वाटत असते की आपण स्वतंत्र आहोत, आपल्याला आपली स्मृती आहे, आपली तबकडी आहे, आपले घड्याळ आहे. प्रत्यक्षात ते पाहुणे असते, आणि त्याला दिसणारा सारा संसार यजमानाने मांडलेला असतो.

"पण कशासाठी हा खटाटोप?" मी विचारले.

"आत काही बिघडलं तरी बाहेरचं शाबूत राहतं," तो म्हणाला. कादंबरीकाराला हे पटायला वेळ लागला नाही.

आमच्या लहानपणी गावात बहुरूपी येत. एखाद्या दुपारी दारात खाकी वेषातला फौजदार उभा राही आणि दरडावून विचारी, "या घरात चोरीचा माल आहे काय?" आजी घाबरून पदर सावरी, आणि मग तो हसून हात पुढे करी. भाच्याच्या खटाटोपात असाच एक बहुरूपी होता. त्याचे नाव क्यूएमू. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने तो 2003 साली जगापुढे आणला. पाहुण्या यंत्राने तबकडी मागितली की हा तबकडीचे सोंग घेतो, जाळ्याची तार मागितली की तारेचे घेतो. सोंग इतके हुबेहूब, की पाहुण्याला शंका येत नाही. एकच उणे: सोंग वठवायला वेळ लागतो.

म्हणून त्याच्या जोडीला दुसरा एक असतो. तो लिनक्सच्या कर्नलमध्येच राहतो. कर्नल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मिशीवाले, छातीवर पदके लावलेले एक सेनाधिकारी उभे राहिले. भाचा पोट धरून हसला. हा कर्नल वेगळा. संगणकाच्या साऱ्या कारभाराचा गाभा म्हणजे कर्नल. त्यात केव्हीएम नावाची सोय 2007च्या फेब्रुवारीत आली. ती आवी किविटी यांनी क्युमरानेट नावाच्या इस्रायली कंपनीत असताना लिहायला घेतली. केव्हीएम सोंग घेत नाही. पाहुण्याचा कार्यक्रम ते सरळ खऱ्या प्रोसेसरवर धावू देते, आणि जिथे पाहुणा न परवडणारे काही मागेल तिथेच त्याला थांबवते. हिशेब प्रोसेसरने करायचा, सोंगे क्यूएमूने वठवायची, असा हा जोडीचा संसार.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

प्रोसेसर हा एकलकोंडा प्राणी आहे. त्याच्यापुढे आज्ञांची माळ असते आणि तो एकामागून एक मणी ओढत असतो. बाहेर कोणी कळ दाबली, तबकडीवरून मजकूर आला, ठरलेली वेळ झाली, हे त्याला कसे कळावे? एक मार्ग असा, की त्याने दर चार मण्यांनंतर उठून दार उघडून बघावे. त्यात त्याचा जन्म जाईल. दुसरा मार्ग, ज्याला काही सांगायचे आहे त्याने येऊन थाप मारावी. प्रोसेसर हातातला मणी खाली ठेवतो, कुठवर आलो होतो त्याची खूण करतो, आलेल्याचे काम करतो आणि खुणेवरून पुढे चालू लागतो. या थापेला इंटरप्ट म्हणतात. परत आल्यावर नायिका काय बोलणार होती ते प्रोसेसर विसरत नाही, एवढाच त्याच्यात आणि माझ्यात फरक.

पण थापा मारणारे पुष्कळ आणि दार एक. म्हणून दाराशी एक माणूस बसवावा लागतो. त्याला म्हणायचे इंटरप्ट कंट्रोलर. 1981 साली आयबीएमने आपला पहिला पीसी काढला, त्यात हे काम इंटेलच्या 8259 या चिपेकडे होते. तिच्याकडे आठ तारा येत. शून्य क्रमांकाची घड्याळाची, एक क्रमांकाची कळफलकाची. घड्याळ सेकंदाला सुमारे 18.2 वेळा थाप मारी. दोघे एकदम आले तर आधी कोणाला सोडायचे, कोणाला थोडे थांबवायचे, आणि धन्याने 'अमक्याला आत्ता सोडू नकोस' म्हटले असेल तर त्याला बाहेरच कसे बसवायचे, ते सारे ही चिप पाही. 1984च्या पीसी-एटीत आठ तारा अपुऱ्या पडल्या, म्हणून पहिलीला दुसरी चिप जोडली. म्हणजे साहेबाच्या शिपायाला आणखी एक शिपाई. कचेऱ्या वाढतात त्या अशाच.

या चिपेची एक गंमत भाच्याने सांगितली. कधी कधी तार हालते, चिप धन्याला उठवते, आणि धनी "कोण आहे?" असे विचारीपर्यंत तार पुन्हा स्वस्थ झालेली असते. आता चिपेला काहीतरी उत्तर देणे भाग. ती शेवटच्या, सातव्या तारेचे नाव सांगून मोकळी होते. तिथे कोणीच नसते. मला एकदम शाळेतले मामा आठवले. दारात येऊन उभे राहायचे, मी "काय हो?" म्हणायचा, आणि ते डोके खाजवून म्हणायचे, "काहीतरी सांगितलं होतं बुवा हेडसरांनी."

घरात मी मामा, आणि शाळेत ते मामा. शाळेच्या शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडची रीतच आहे. ते त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त झाले होते, आणि त्यांची जागा भरली गेली नव्हती. ती पुढेही भरली गेली नाही.

भाच्याने कागदावर चौकोन काढले. सर्वांत आत पाहुणे यंत्र, त्याच्याभोवती कर्नल, कर्नलच्या बाहेर क्यूएमू. तो म्हणाला, "प्रश्न इतकाच आहे मामा, की दाराशी बसणारा माणूस कुठं बसवायचा? कर्नलमध्ये की बाहेर क्यूएमूजवळ?"

केव्हीएम निघाले तेव्हा तो बाहेर होता. इंटरप्ट कंट्रोलर हे क्यूएमूच्या अनेक सोंगांपैकी एक सोंग होते. काम होई, पण दर थापेमागे हेलपाटा. पाहुणे विचारी, "कोण आले?" तो प्रश्न कर्नलमध्ये यावा, कर्नलने पाहुण्याचे काम थांबवून बाहेर क्यूएमूकडे जावे, उत्तर घेऊन पुन्हा आत यावे. पाहुण्याने "झाले याचे काम" म्हटले की पुन्हा तीच वारी. सेकंदाला शेकडो थापा पडणाऱ्या यंत्राचा जीव या येरझाऱ्यांतच जायचा. म्हणून 2008च्या जानेवारीत आलेल्या कर्नलच्या आवृत्तीत हे सोंग बाहेरून उचलून कर्नलच्या आत नेऊन बसवले. हेलपाटा अर्ध्यावर आला. पुढे लोकांना त्याची इतकी सवय झाली, की हा माणूस आत असतोच असे सारे धरून चालू लागले.

भाच्याच्या हिरव्या पट्टीत तो असूच शकत नव्हता. तिचा प्रोसेसर एआरएम जातीचा. या जातीच्या घरी दाराशी बसायचा जो नेहमीचा माणूस, त्याचे नाव जीआयसी. त्याच्या सुधारलेल्या घडणीत पाहुण्या यंत्राच्या हाती थेट निरोप देण्याची खास सोय असते, आणि कर्नलच्या आतली सारी व्यवस्था तिच्यावर उभी आहे. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या मॉडेलातली चिप ब्रॉडकॉमची. तिच्यात जीआयसी नाहीच. कंपनीने आपला एक साधा, घरगुती माणूस दाराशी बसवला आहे. यजमानाचे निरोप तो चोख देतो. पाहुण्याचे नाव त्याच्या वहीत नाही. (2019च्या जूनमध्ये चौथे मॉडेल आले, त्यात जीआयसी आहे. पण आमची दिवाळी 2017ची.)

म्हणजे पाहुणे धावू शकत होते, त्यासाठी लागणारे सारे सामर्थ्य प्रोसेसरमध्ये होते. फक्त दाराशी आतला माणूस नव्हता. मग भाच्याने जुना मार्ग धरला. क्यूएमूलाच सांगितले, 'जीआयसीचे सोंग तूच घे, कर्नलवर विसंबू नकोस.' यंत्र सुरू केले. पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर उमटल्या आणि एका ओळीपाशी थांबल्या त्या थांबल्याच. आम्ही दोन चकल्या खाल्ल्या. ओळ हलेना.

"हेलपाटे पडतील, हळू चालेल, हे समजलं," मी म्हणालो. "पण थांबलं का?"

"घड्याळ," तो म्हणाला.

तबकडी, कळफलक ही सारी सोंगे क्यूएमूची, तेव्हा त्यांच्या थापा क्यूएमूला ठाऊक. घड्याळ मात्र सोंग नव्हते. एआरएमच्या प्रोसेसरमध्ये पाहुण्यासाठी वेगळे खरे घड्याळ असते. किती वाजले ते पाहुणे कोणाला न विचारता बघू शकते. वेळ भरली की ते घड्याळ कर्नलला सांगते, आणि कर्नलने ते आपल्या आतल्या माणसामार्फत पाहुण्याला कळवायचे. आतला माणूस नाही म्हटल्यावर कर्नल कोणाला सांगणार? घड्याळाने वेळ बरोबर दिली, कर्नलने ती ऐकली, आणि गोष्ट तिथेच राहिली. बाहेर बसलेल्या क्यूएमूच्या कानावर काही नाही, आतल्या पाहुण्याच्याही नाही. पाहुणे आपले पुढच्या टोल्याची वाट बघत बसून राहिले.

हे ऐकताना मला हसू आले आणि नंतर हसू येईना. कारण जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमच्या शाळेत दुसरे काही घडले नव्हते.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे लिंबाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. घड्याळ हेडसरांच्या खोलीत. या दोहोंना जोडणारी गोष्ट म्हणजे मामा. ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या महिन्यात शाळा उघडली. घड्याळ रोज बरोबर चालत होते. हेडसर मीटिंगला गेलेले, खोलीला कुलूप. आत बिचारे घड्याळ अकरा चाळीस दाखवते आहे आणि सातवीच्या वर्गात मी तिसऱ्या तासाचा पाठ चौथ्या तासातही रंगवतो आहे. मनगटी घड्याळ मी बांधत नाही. मोबाइल वर्गात न्यायचा नाही, हा आमचा नियम. बाहेर गणिताचे सर खोळंबून उभे असायचे, आणि सभ्य माणूस असल्यामुळे काही बोलायचे नाहीत. निरोपांचेही तेच. पूर्वी सूचनांची वही मामा वर्गावर्गात फिरवीत. आता ती कचेरीत टेबलावर पडून असे, आणि ज्याने त्याने जाऊन वाचावी असे ठरले. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असलेली सूचना मी तारीख उलटल्यावर वाचली. दोन मुलांचे अर्ज राहिले. पुढे धावपळ करून ते घेतले गेले, पण तो आठवडा मला नीट झोप लागली नाही.

निरोप कमी झाले नव्हते. तेवढेच होते. फक्त प्रत्येकासाठी स्वतः उठून मैदान ओलांडून जावे लागत होते, आणि जावे कधी, हे सांगणारा कोणी नव्हता.

आणि तरीही खरे सांगायचे तर मामा होते तेव्हा मला त्यांचा राग येई. कविता ऐन भरात आली की दारात मामा. वही पुढे करून उभे. सही करेपर्यंत वर्गाचा रंग उतरलेला. एकदा मी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमक्ष त्यांना सांगितले, "मामा, माझा तास चालू असताना काहीही झालं तरी आत येत जाऊ नका." ते "बरं सर" म्हणाले.

2014च्या फेब्रुवारीत एका दुपारी आईने शाळेच्या कचेरीत फोन केला. वडिलांना झटका आला होता. मामा माझ्या वर्गापाशी आले आणि दिलेली ताकीद पाळून दाराबाहेर उभे राहिले. तास संपायला वीस मिनिटे होती. मी घरी पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी वडिलांना गाडीत घातले होते. आई म्हणाली, "दोनदा विचारलं त्यांनी, आला का म्हणून." मी त्यांचा हात धरला, त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण तोवर वाचा गेली होती. त्यानंतर ते अकरा महिने होते. वाचा आली नाही.

डॉक्टरांच्या मते वीस मिनिटांनी त्यांच्या दुखण्यात काही फरक पडला नसता. ते मी मानतो. मामांना मी कधी बोल लावला नाही. पण ताकीद इतकी अक्षरशः पाळायची असते काय, असे मनात कुठेतरी धरून होतो. आणि तीन वर्षे आम्ही त्या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो.

असो. भाच्याने रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बैठक मारली. त्याच्या पट्टीवरचा कर्नल जुना होता. त्याच वर्षी जुलैत 4.12 ही आवृत्ती आली होती, आणि तिच्यात नेमक्या याच दुखण्यावर औषध होते. अलेक्झांडर ग्राफ आणि क्रिस्टोफर डाल या दोघांनी ते तयार केले होते. औषध मोठे साधे आहे. कर्नल आणि क्यूएमू यांच्यात देवाणघेवाणीसाठी स्मृतीचे एक सामाईक पान असते. कर्नल पाहुण्याला थांबवून बाहेर आला की आपण का आलो ते त्या पानावर लिहितो. त्याच पानावर आणखी एक रकाना वाढवला: घड्याळ थाप देत उभे आहे की नाही. घड्याळाची वेळ भरली की कर्नलने पाहुण्याला थांबवून बाहेर यायचे आणि रकान्यात खूण करायची. क्यूएमूने मागची खूण आणि आताची खूण ताडून पाहायची. बदल दिसला की आपल्या सोंगातल्या जीआयसीला सांगायचे, आणि त्याने पाहुण्याला उठवायचे. तोवर खऱ्या घड्याळाची कटकट कर्नलने दाबून ठेवायची. नाहीतर ते सारखे ओरडत राहील आणि पाहुण्याला पाऊल टाकणे मुश्कील होईल.

"थाप देत उभे आहे म्हणजे?" मी विचारले. "थाप एकदा पडते आणि संपते ना?"

"दोन जातीच्या असतात मामा. एक, दार वाजवून निघून जाते. तेव्हा तुझं लक्ष असलं तर असलं. दुसरी दार वाजवते आणि तू येऊन तिचं काम करीपर्यंत तिथंच उभी राहते. हे घड्याळ दुसऱ्या जातीचं. म्हणून तर रकाना पुरतो. कर्नलला फक्त एवढंच लिहावं लागतं, की कुणीतरी अजून उभं आहे."

मी काही बोललो नाही. तो नवा कर्नल बांधायला लागला. या एवढ्याशा पट्टीवर ते काम रात्रभर चालते. ही दोनदा येऊन "झोपा आता" म्हणून गेली. पहाटे फटाक्यांच्या आवाजाने जाग आली, तेव्हा भाचा अंघोळीच्या आधीच पडद्यापुढे होता. नवा कर्नल, त्याच्या बेताचा नवा क्यूएमू. पांढऱ्या ओळी उमटू लागल्या. कालच्या ओळीपाशी आल्या, आणि पुढे गेल्या. शेवटी पडद्यावर नाव विचारणारी ओळ येऊन चौकोनी ठिपका लुकलुकू लागला. भाच्याने कळ दाबली. अक्षर किंचित दमून उमटले, असे मला वाटले. तो म्हणाला, "आतला माणूस असता तर चपळ झालं असतं. पण चालतंय." त्याने पाहुण्याला वेळ विचारली, पाहुण्याने वेळ सांगितली. मिनिटभराने पुन्हा विचारली. ती मिनिटभराने पुढे गेली होती.

"तुमच्या शाळेत पण एक वही ठेवा ना," तो टॉवेल शोधता शोधता म्हणाला. "जो कुणी कचेरीत जाईल त्यानं घड्याळ बघून यायचं." चेष्टेत बोलला, पण सुट्टीनंतर आम्ही जवळपास तेच केले. दर तासाला एकाची पाळी लावली. कचेरीत जायचे, घड्याळ आणि सूचनांची वही पाहायची, टोला द्यायचा, वर्गावर्गात खिडकीतून सांगत जायचे. वेळ जातो. शिवाय जो जातो त्याचा वर्ग तेवढा वेळ बोंबलतो. तरी शिष्यवृत्तीची तारीख पुन्हा चुकली नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन मी मामांकडे गेलो. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचे घर. ते ओट्यावर बसून नातवाची सायकल पुसत होते. मला पाहून चटकन उठून उभे राहिले. "बसा मामा," मी म्हणालो, "आता कसले उठता?" ते बसले नाहीत. मग मीच ओट्यावर बसलो, तेव्हा तेही बसले.

इकडचे तिकडचे झाले. चहा झाला. मी म्हणालो, "मामा, एक विचारायचं होतं. बाबांना झटका आला त्या दिवशी तुम्ही आत का नाही आलात? मी म्हणालो होतो खरं येऊ नका म्हणून, पण असल्या वेळेला..."

मामा सायकलच्या चाकाकडे बघत होते. "आत नाही आलो सर. पण मी खिडकीतनं हात केला होता."

"मला नाही दिसला."

"दिसला होता सर," ते अगदी हळू म्हणाले. "तुमच्या हातात पुस्तक होतं. तुम्ही माझ्याकडं बघून असा हात केलात." त्यांनी तळवा उभा धरून दाखवला. "म्हणजे थांबा असा. म्हणून थांबलो. मागनं पुन्हा दोनदा कडी वाजवली. पण पोरं मोठ्यानं कविता म्हणत होती."

हात माझाच होता. पुस्तक धरायची आणि दुसऱ्या हाताने वर्गाला किंवा दाराला थांबवायची ती लकब माझीच. मला तो क्षण आठवत नव्हता. मामांनी तळवा दाखवला आणि आठवला. खिडकीच्या गजांतून दिसणारी खाकी टोपीसुद्धा आठवली.

"हे तुम्ही तेव्हा कधी बोलला नाहीत," मी म्हणालो.

"तुमचे वडील आजारी. त्यात काय बोलायचं सर?"

आतून त्यांची सून रिकामा झालेला डबा घेऊन आली. रीतीप्रमाणे त्यात त्यांच्याकडचे चार लाडू घातले होते. मी उठलो. मामा गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्याबरोबर आले. तिथून शाळेचे लिंबाचे झाड दिसते.

"घंटा आता कोण देतं सर?" त्यांनी विचारले.

"ठरलेलं असं कुणी नाही. ज्याला सुचेल तो देतो. सुट्टी संपली की पाळी लावायची म्हणतोय."

"लावा," ते म्हणाले. "इथपर्यंत ऐकू येते ना. मधल्या सुट्टीची रोज सात-आठ मिनिटं उशिरा होते. लहान पोरांना भूक लागते तेव्हा."